जुनीं खेळणीं आणि नवें मूल



मलकापुरास आमच्या घरीं माळ्यावर एक पेटी आहे. माझ्या मुलाचीं लहानपणचीं खेळणीं तींत जवळजवळ पस्तीस वर्षें पडून होतीं. गेल्या वैशाखांत नातू बसूं लागला आणि मीं मोठ्या हौसेनें ती पेटी खालीं उतरविली. शेजाऱ्यांनींही आपल्या मुलांचीं जुनीं खेळणीं आणून दिलीं. आतां धुवून मुलाच्या हातीं द्यावयाचीं, एवढेंच काम उरलें, अशी माझी समजूत झाली.

मास्तरकीच्या संवयीप्रमाणें मीं सर्वांस एकच नियम लावला. पातेल्यांत पाणी उकळलें आणि सगळीं खेळणीं त्यांत सोडलीं. त्यांत सावंतवाडीचा लाखकामाचा खुळखुळा होता. माझ्या पत्नीनें तो १९९० सालीं स्वतः निवडून घेतला होता. आज ती नाहीं. खुळखुळा बाहेर काढला तों त्याची चकाकी गेलेली, अंग चिकट झालेलें, आणि पुसावयास घेतलेल्या फडक्याचे धागे त्यास चिकटलेले! कारागीर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतो, घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळते आणि लाकडावर पसरते. उष्णतेनें जें चढलें तें उष्णतेनें बिघडणारच, एवढें माझ्या ध्यानांत यावयास हवें होतें. अशा खेळण्यास ओलें करून घट्ट पिळलेलें फडकें पुरे; लगेच कोरड्यानें पुसावें. स्पिरिट तर लावूंच नये, त्यांत लाख विरघळते. लांकूड पाण्यांत भिजत ठेविलें तर फुगतें व पुढें तडकतें.

दुसरा प्रसंग पत्र्याच्या लाल मोटारीचा. ती जत्रेंतली, कोणी केली ठाऊक नाहीं. मीं ती घांसून लखलखीत केली. सूनबाईनें नखानें रंगाचा पोपडा उचलून दाखविला व म्हणाली, "मामंजी, ही बाळाला नको." मला राग आला, हें कबूल करितों. आमचा मुलगा हिच्यावरच वाढला ना! परंतु तिचें म्हणणें खरें होतें. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. तें धुतल्यानें वा उकळल्यानें जात नाहीं. उलट घांसल्यानें त्याची धूळ होते. मूल सारें तोंडांत घालतें, मोठ्या माणसापेक्षां त्याच्या शरीरांत शिसें अधिक मुरतें, आणि मेंदूस इजा होते. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें नको, हा निर्बंध आपल्याकडे २०१७ सालापासून लागू झाला, खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह सक्तीचें झालें तें २०२१ च्या जानेवारीपासून. माळ्यावरच्या पेटीस हीं दोन्ही ठाऊक नाहींत.

प्लॅस्टिकचीं खेळणीं सोपीं. कोमट पाणी, साबण, सांदीकोपऱ्यांस जुना दांत घासण्याचा ब्रश. पण आधीं तडा, सैल चाक, उघडें पडलेलें सेलचें झांकण पाहावें. बटणाएवढा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. म्हणून झांकणास स्क्रू नसेल तें खेळणें घरांत नको. सव्वा इंच रुंदीच्या नळकांड्यांत जो तुकडा मावतो, तो तीन वर्षांखालील मुलाच्या घशांत अडकूं शकतो. दाबल्यावर चूं-चूं करणारें रबरी बदक आंतून काळें पडलेलें असतें. तें साफ होत नाहीं, फेकून द्यावें.

राहिल्या कापडी बाहुल्या. पुस्तकें म्हणतात, धुवून कडक उन्हांत वाळवाव्या. आंबा घाटाच्या तोंडाशीं राहणाऱ्या आम्हां लोकांस आषाढांत ऊन कोठून मिळावें? वरून कोरडी दिसणारी बाहुली आंत आठवडाभर ओली राहते आणि तिला बुरशी धरते. म्हणून कापसाच्या बाहुल्या आम्ही ज्येष्ठापूर्वीं धुतों, नाहीं तर दिवाळीपर्यंत पेटींतच ठेवितों.

ती मोटार मीं टाकली नाहीं. कागदांत गुंडाळून वरच्या फळीवर ठेविली आहे. खुळखुळ्यावर माझ्या बोटांचे ठसे कायमचे उमटले आहेत. तो नातवास द्यावा कीं नाहीं, हा निर्णय सूनबाईकडे सोपविला आहे, आणि ती अजून विचार करीत आहे.