अमेरिका इंदूरपासून किती लांब?



या सभागृहातल्या अनेकांची मुलं-नातवंडं कॅलिफोर्नियात आहेत, तेव्हा आजचा प्रश्न तसा घरचाच. सॅन फ्रान्सिस्को इथून किती लांब? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं, तर सुमारे १३ हजार किलोमीटर. आणि हा दोरा ना पूर्वेकडून जातो, ना पश्चिमेकडून. इंदूरच्या बिजासन टेकडीवरून तो जवळपास उत्तरेलाच निघतो. हिमालय, तकलामकानचं वाळवंट, सायबेरिया, ७५ अक्षांशापाशी आर्क्टिक महासागर आणि मग अलास्काच्या उत्तर टोकावरून खाली. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून हे सुचणारच नाही.

पण विमान काही या दोऱ्यावरून जात नाही. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटर. विमानातला हवेचा दाब एकाएकी गेला, तर वैमानिकाला साधारण तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यातला प्राणवायू बहुतेक विमानांत १२ ते १५ मिनिटंच पुरतो. तिबेटवर तेवढं खाली येणार कुठे? जमीनच त्याहून उंच!

आता खरी गंमत ऐका. एअर इंडियानं डिसेंबर २०१५मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जाई. मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी तोंड फिरवलं आणि पॅसिफिक गाठला. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. भागाकार करा: ताशी हजार किलोमीटरहून जास्त! हा प्रताप इंजिनाचा नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचा तो झोत आहे. ‘पृथ्वी फिरते म्हणून पाश्चात्त्य देश आपोआप जवळ येतात’ असं मला कुणीतरी हमखास सांगतं. तसं नसतं, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

वाऱ्यासारखीच राजकारणाचीही दिशा पाहावी लागते. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला निघालेली विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली, आणि अमेरिकेला जाणाऱ्या काहींना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं.

आणि आपलं इंदूर? होळकरांनी १९३५मध्ये टाटांशी सल्लामसलत करून बिजासनला विमानतळ उभारला. इथून पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण मात्र जुलै २०१९मध्ये झालं, दुबईला, सुमारे २,१०० किलोमीटरवर. अमेरिकेसाठी आजही आधी दिल्ली किंवा मुंबई गाठायची. दिल्ली हवाई मार्गानं साडेसहाशे किलोमीटर, मुंबई पाचशे. माझ्या मते आपला वेळ तिथल्या ताटकळण्यातच अधिक वाया जातो. इंदूरहून थेट अमेरिकेचं विमान मागण्यापेक्षा रात्रीच्या मोठ्या उड्डाणांशी जुळणारी जोडविमानं मागणं अधिक शहाणपणाचं.

एक व्यवहाराची गोष्ट. मुलांकडून परतीचं तिकीट आलं आणि त्यात जाण्यापेक्षा येण्याला दोन-तीन तास जास्त दिसले, तर छपाईची चूक समजू नका. पॅसिफिकवरून परत येताना वारा समोरून असतो.