स्टिअरिंग कॉलमच्या मोटारींची तपासणी



स्टिअरिंगचे चाक चालकाच्या सोयीप्रमाणे हलविता यावे, ही कल्पना तशी जुनीच आहे. १९६१ च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये गाडी उभी असताना चाक बाजूला सरकविता येत असे. १९६३ पासून जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत ते वर-खाली कलू लागले. पुढे हाताच्या खटक्याचे काम विजेने पत्करले. अशा गाड्यांत कॉलमला बहुधा दोन लहान मोटारी असतात. एक चाक वर-खाली करते, दुसरी पुढे-मागे. (मराठीत गाडीलाही मोटारच म्हणतात, येथे मात्र ते विजेचे यंत्र समजावे.) मोटार फिरली की आट्यांचा दांडा फिरतो व कॉलम सरकतो. तारांची धन-ऋण बाजू उलटली की दिशा उलटते.

चाक हलेनासे झाले की संपूर्ण कॉलमच बदलण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो खर्चिक असतो आणि अनेकदा अनाठायी. प्रथम फ्यूज व बॅटरी पाहावी. नंतर मोटारीच्या जोडणीवर व्होल्टेज मोजावे. परंतु ते मोटार जोडलेली असताना व स्विच दाबलेला असतानाच. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. गंजलेली तार मोकळ्या टोकाशी पूर्ण १२ व्होल्ट दाखविते आणि प्रवाह वाहू लागताच माघार घेते. भाराखाली व्होल्टेज पुरेसे मिळूनही मोटार ढिम्म राहिली, तर दोष मोटारीत किंवा अडकलेल्या दांड्यात समजावा. व्होल्टेज घसरले तर तारा, स्विच व अर्थ तपासावेत.

मोटार क्षणभर फिरून थांबत असेल, तर तिच्यावर ठपका ठेवण्याची घाई करू नये. स्थान लक्षात ठेवणाऱ्या गाड्यांत सेन्सरकडून खूण न मिळाल्यास नियंत्रकच प्रवाह तोडू शकतो. पुष्कळ वेळ चालवून बंद पडलेली व थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणारी मोटार कित्येकदा उष्णतारक्षकामुळे थांबलेली असते.

मोटार स्वतंत्रपणे चालवून पाहावयाची असेल, तर ती गाडीच्या तारांपासून आधी सोडवावी. अन्यथा प्रवाह नियंत्रकात शिरेल. वेगळी १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज असलेली तार आणि क्षणमात्र स्पर्श, एवढे पुरे. दांडा टोकाला पोहोचल्यावरही प्रवाह चालू ठेवणे म्हणजे चांगली मोटार आपल्या हाताने जाळणे होय.

याच चाकात एअरबॅग असते, हे कारागिराने क्षणभरही विसरू नये. आवरण उघडण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी व उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे, कारण एअरबॅगच्या नियंत्रकात काही काळ विद्युत्‌भार शिल्लक राहतो. एअरबॅगच्या तारा बहुतेक गाड्यांत पिवळ्या आवरणात वा पिवळ्या जोडणीच्या असतात. त्यांना ओहममापक लावू नये. त्याच्या अल्पशा प्रवाहानेही ती फुटण्याचा धोका असतो. बॅटरी पुन्हा जोडताना चाकासमोर कोणी बसलेले नसावे.