आपलं ऊन आणि डेकचं लाकूड



मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस. नोकरीनं देशभर फिरवलं आणि शेवटी सिकंदराबादेत घर केलं. लाकूडकामाची आवड जुनी आहे, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक एक प्रश्न घेऊन हमखास येतात. गच्चीवर किंवा बागेत हौसेनं लाकडी डेक करून घेतलेला असतो. दोन उन्हाळे जातात आणि तो राखाडी पडतो, फळ्यांना चिरा जातात, वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. मग विचारतात, "सर, कोणत्या कंपनीचा डबा आणू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. डब्याचं नंतर बघू. आधी तारीख ठरवा, मग तास ठरवा.

याचं कारण सांगतो. डेकवरचा बराचसा सल्ला थंड देशांतून येतो. तिथली माणसं सांगतात, छान ऊन पडलेला, उबदार दिवस निवडा. त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. आपल्याकडे नागपूर, जोधपूर, हैदराबादला छान ऊन पडलेल्या दिवशी हे काम काढलं, तर पैसे आणि लाकूड दोन्ही वाया जातं.

ऊन लाकडाचं काय करतं?

लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. विटा आणि चुना म्हणा हवं तर. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण लिग्निन मोडतात. पाऊस आला की तो मोडलेला भाग धुऊन जातो आणि वर उरतात नुसते फिकट धागे. तोच तो राखाडी रंग. चांगली बातमी ही, की हे नुकसान सुरुवातीला फक्त वरच्या पातळ थरापुरतं असतं. घासलं की खाली मूळ रंग सापडतो.

दुसरा मार पाण्याचा. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं, उन्हाळ्यात सुकून आक्रसतं. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र चांगला जाणवतो. आपल्याकडे मे महिन्यातली कोरडी भट्टी आणि जुलैची ओल यांत दोनच महिन्यांचं अंतर. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकात हवेतल्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडले आहेत आणि कुठे लाकडात किती ओल चालेल हे ठरवून दिलं आहे. म्हणजे जैसलमेरचा आणि रत्नागिरीचा डेक एका नियमानं चालणार नाही, हे कागदावरही मान्य आहे.

वर बसणारा थर की आत मुरणारं तेल?

बाजारात दोन जातींचा माल मिळतो. पहिली जात लाकडावर पातळ कातडीसारखी बसते: व्हार्निश, पीयू, चकचकीत पॉलिश. दुसरी आत मुरते: जवसाच्या किंवा तशा सुकणाऱ्या तेलावर आधारलेलं डेक ऑइल किंवा स्टेन.

लाकूड हलतं, कातडी तेवढी हलत नाही. तिला बारीक तडा गेला की पाणी खाली शिरतं आणि ऊन लागल्यावर तिथंच कोंडतं. मग पोपडे सुटतात. ते खरवडून सगळा डेक घासल्याशिवाय पुन्हा काही लावता येत नाही. शिवाय अशा गुळगुळीत फळीवर पाऊस पडला की घरातल्या वयस्कर माणसांनी घसरलंच म्हणून समजा. घरातल्या खुर्चीला मेलामाइन किंवा लाखेचं पॉलिश शोभतं. उघड्यावर पायाखाली ते टिकत नाही.

मुरणारं तेल सुटत नाही, हळूहळू झिजतं. झिजलं की धुवा, कोरडं करा, पुन्हा हात मारा. ज्यांनी लाकडी दस्त्याची रायफल वापरली आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. दस्त्याला जवसाचं तेल थोडंसंच लावायचं, तळव्यानं घासून मुरवायचं, वर चिकट राहू द्यायचं नाही. डेकचा नियम तोच आहे.

आता रंगाबद्दल. पारदर्शक तेल दिसायला सुंदर असतं, पण ऊन त्यातून आरपार जातं. थोडी रंगद्रव्यं असलेला, लाकडाच्या रेषा दिसू देणारा स्टेन घ्या. त्यातला तांबूस-तपकिरी रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणजे आपल्या गेरूचाच भाऊबंद. तो किरण अडवतो. फार गडद छटा मात्र नको. गडद फळी जास्त तापते, जास्त सुकते आणि मे महिन्यात तिच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. मधली छटा बरी. डब्यावर बुरशीरोधक घटक असल्याचं लिहिलेलं आहे का, तेही पाहा. कारण नुसतं जवसाचं तेल दमट हवेत बुरशीचं खाद्य होतं. आणि 'टीक ऑइल' या नावानं फसू नका. ते सागवानातून काढलेलं नसतं. साधारणपणे तेल, व्हार्निश आणि थिनर यांचं मिश्रण असतं.

तारीख

दख्खन, विदर्भ, माळवा, गुजरात: पावसाळा संपल्यावर तीन-चार आठवडे लाकूड सुकू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला काळ.

दिल्ली आणि उत्तरेचा मैदानी भाग: ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारीची अखेर ते मार्चची सुरुवात. मधल्या धुक्यात आणि दवात हात लावू नका.

चेन्नई आणि तमिळनाडूचा किनारा: तिथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत.

कोकण, गोवा: डिसेंबर ते फेब्रुवारी. खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजतात आणि सागासारख्या लाकडावर काळे डाग पाडतात. तिथे ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा.

तास

उन्हात तापलेल्या फळीवर तेल लावलं की पातळ करणारा द्रव झटकन उडून जातो. तेल आत जायच्या आधीच वर घट्ट होतं, पट्टे उमटतात आणि चिकटपणा राहतो. दुसरी गोष्ट, लाकूड तापत असताना त्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि बुडबुडे उठतात. लाकूड निवत असेल तर उलट, तेल आत ओढलं जातं. म्हणून डेकवर सावली आली आणि तो निवायला लागला, की सुरुवात करा. हिवाळ्यात दख्खनमध्ये साधारण दुपारी साडेतीन-चारला. जिथे रात्री भरपूर दव पडतं तिथे सकाळी दव पूर्ण वाळल्यावर, वर हिरवी जाळी बांधून सावलीत काम करा.

बहुतेक डब्यांवर तापमानाची मर्यादा छापलेली असते, साधारण १० ते ३५ अंशांमधली. ती हवेपुरती नसते, फळीलाही लागू असते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक आणा. ताप मोजायची कपाळावरची बंदूक इथे चालत नाही, तिचं मोजमाप शरीराच्या तापमानापुरतंच असतं.

प्रत्यक्ष काम

एक, तपासणी. सैल फळ्या आणि वर आलेले स्क्रू पाहा. खालून हवा खेळते का, फळ्यांमधल्या फटी कचऱ्यानं बुजल्यात का, खालच्या सांगाड्याला वाळवी आहे का, हेही बघा. खालून ओल येत असेल तर वरचं तेल निरुपयोगी.

दोन, धुणं. ब्रश, पाणी आणि डेक क्लीनर. राखाडीपणा आणि लोखंडाचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणानं जातात. ते विषारी आहे; हातमोजे आणि चष्मा हवाच, नंतर भरपूर पाण्यानं धुवा, मुलं-कुत्री लांब ठेवा. प्रेशर वॉशरचं तोंड फळीजवळ नेऊ नका, धागे उपटले जातात.

तीन, सुकवणं. निदान दोन-तीन कोरडे दिवस. ओलावा मोजायचं मीटर असेल तर आकडा १५ टक्क्यांच्या खाली यावा.

चार, घासणं. ६० आणि मग ८० नंबरचा पेपर, रेषेच्या दिशेनं. घरातल्या टेबलासारखं गुळगुळीत करू नका, छिद्रं बुजतात आणि तेल मुरत नाही. तोंडावर मास्क हवा. प्रक्रिया केलेलं पाइन असेल तर त्याचा भुसा किंवा तुकडे कधीही जाळू नका; जुन्या प्रक्रियेत आर्सेनिक असू शकतं.

पाच, थेंबाची परीक्षा. चार ठिकाणी पाणी शिंपडा. काही मिनिटांत मुरलं तर लाकूड तयार आहे. मोत्यासारखं वर राहिलं तर तेलही वरच राहील.

सहा, तेल. आधी फळ्यांची कापलेली टोकं भिजवा. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. मग एका वेळी दोन-तीन फळ्या घेऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्रश चालवा. मध्येच थांबलात तर जोड दिसतो. पंधरा-वीस मिनिटांनी जे मुरलं नाही ते फडक्यानं पुसून घ्या. जाड थर म्हणजे जास्त संरक्षण हा समज सोडा. जाड थर म्हणजे चिकट डेक आणि त्यावर बसलेली धूळ.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते

ती तेलाची फडकी. जवसासारखं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. फळीवर ती उडून जाते. चुरगाळून कोपऱ्यात टाकलेल्या बोळ्यात ती साठत जाते आणि काही तासांनी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. गरम हवेत धोका आणखी वाढतो. संध्याकाळी काम संपतं, फडकी जिन्याखाली किंवा कचऱ्याच्या डब्यात जातात आणि घर झोपतं. असं होऊ देऊ नका. प्रत्येक फडकं उघड्यावर एकेक पसरून पूर्ण कडक वाळू द्या, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. तेल लागलेल्या भुशालाही हाच नियम.

दुसरी गोष्ट माणसाची. काम करायला कारागीर येणार असेल तर त्याला भर दुपारी तापलेल्या गच्चीवर बसवू नका. सकाळी घासणं, दुपारी सुट्टी, संध्याकाळी तेल. दिवस वाढेल, मजुरी थोडी जास्त जाईल. पाणी, सावली आणि मास्क ही आपली जबाबदारी. गंमत अशी, की जी वेळ माणसाला सोसत नाही, ती लाकडालाही सोसत नाही.

पुढची निगा

दर वर्षी पावसाळ्यानंतर थेंबाची परीक्षा घ्या. पाणी मुरायला लागलं की धुवा, सुकवा, एक पातळ हात द्या. कडक उन्हातल्या डेकला हे जवळपास दर वर्षी लागतं, सावलीतल्याला दोन वर्षांनी. कुंड्या थेट फळीवर ठेवू नका, खाली पाय असलेला स्टँड द्या. फटी साफ ठेवा.

डेकची फळी ज्या झाडातून येते ते झाड, साग असो वा साल, वाढायला कित्येक दशकं लागतात. वर्षातून दोन-तीन दिवस तिला द्यायला काही हरकत नाही. तेव्हा डबा आणायच्या आधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तेवढे दिवस खूण करून ठेवा.

जय हिंद.