रबराची पट्टी आणि उद्योजकाचा शब्द

(चिंचोळी औद्योगिक वसाहतीत लघुउद्योजक व कामगार यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कला शाखेचा पदवीधर, पेशाने पत्रकार. आयुष्य शब्दांच्या संगतीत गेले. अशा माणसाने तुमच्यासारख्या यंत्राशी झुंजणाऱ्यांपुढे रबराच्या पट्टीवर बोलावे, हे कोणाला विचित्र वाटेल. परंतु पट्टी चुकते ती बहुधा यंत्रावर नव्हे, तर मागणीच्या कागदावर; आणि कागदावरचे शब्द हा माझा प्रांत आहे.

रबराने मला पहिला धडा दिला तो छापखान्यात. उमेदवारीच्या काळात मी ज्या छापखान्यात रात्रपाळी करीत असे, तेथे मालकांनी यंत्रासाठी रबराचे नवे रूळ स्वस्तात करवून आणले. दिसायला ते जुन्यासारखेच होते. थोड्याच दिवसांत शाई आणि केरोसीन पिऊन ते फुगले, पृष्ठभाग चिकट झाला आणि अंक वेळेवर निघेना. रूळ बनवणाऱ्याचा दोष काय? त्याला मोजमाप दिले होते. रूळ तेलात राहणार आहे, हे कोणी सांगितलेच नव्हते. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, तेथे नायट्राइल रबर लागते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी समजले.

गेल्या काही वर्षांत हीच गोष्ट मी याच वसाहतीत पुन्हा पाहिली. माझा एक तरुण स्नेही उघड्यावर बसवायच्या विजेच्या पॅनेलपेट्या बनवतो. पेटीच्या दाराला आतून रबराची पट्टी असते; तिच्यावरच पाणी-धूळ रोखण्याची सारी भिस्त. जुनी पट्टी संपली, तेव्हा त्याने वीतभर तुकडा पुरवठादाराच्या हाती दिला आणि म्हटले, "अस्सेच बनवून द्या." तसेच बनून आले. आकार तोच, रंग तोच, भावही कमी. उन्हाळ्यात पेट्या ग्राहकाच्या आवारात उभ्या राहिल्या. सोलापूरचा मे महिना आपण जाणतोच; पारा चाळिशीपार असतो आणि उन्हातला पत्रा त्याहूनही तापतो. जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत शिरले. दार उघडून पाहतो तो पट्टी चपटी होऊन बसलेली, कोपऱ्यांत फटी पडलेल्या. ग्राहकाने सगळा माल परत पाठवला. पेटीच्या किमतीत पट्टीचा वाटा तो किती? पण गेला तो वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास. त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "काका, पत्रा माझा, वायरिंग माझे, रंग माझा, आणि नाव घालवले ते पट्टीने." मी म्हटले, "पट्टीने नव्हे रे, त्या 'अस्सेच'ने!"

ही पट्टी बनते कशी, हे घरातल्या सोऱ्यावरून सहज समजते. सोऱ्यात भाजणीचे पीठ घालून दाबले की ताटलीच्या छिद्राच्या आकाराची चकली पडते. पीठ नीट मळलेले नसेल तर काटे येत नाहीत, चकली तुटते. रबराचेही तसेच. कच्चे रबर, काजळी, तेल, गंधक, रसायने यांचे मिश्रण, ज्याला आपण कंपाउंड म्हणतो, ते स्क्रूच्या यंत्रातून 'डाय'मधून रेटले जाते. डायमधून सुटताच रबर फुगते. म्हणून हव्या त्या आकाराचे छिद्र पाडून भागत नाही. फुगवटा लक्षात घेऊन डाय कापावी लागते आणि चाचणी घेऊन घासावी लागते. चकली तळावी लागते, तसे हे कच्चे रबर भट्टीत अथवा वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये पक्के करावे लागते. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेची ही किमया ओळखली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. या पकण्यातही आकार थोडा आटतो, पोकळ पट्टी आधार नसेल तर बसते. म्हणून पोलादाची अचूकता रबराकडे मागणे हे अज्ञान होय. आंतरराष्ट्रीय मानकात अशा पट्ट्यांसाठी ई-१, ई-२, ई-३ असे वर्ग आहेत. मधल्या ई-२ वर्गात १० मिलिमीटरच्या मापाला ०.७ मिलिमीटर इकडे-तिकडे चालते. आपली खाच याहून काटेकोर असेल, तर खाच तरी बदलावी, नाहीतर वरच्या वर्गाचा भाव मोजावा.

सोलापूरच्या माणसाला हे अवघड वाटू नये. आपला विणकर सुताची मागणी देताना "हे असेच द्या" म्हणतो का? तो काउंट सांगतो, पीळ सांगतो, रंग पक्का हवा की कच्चा ते सांगतो. रबराबाबतच आपण मुके का होतो?

मागणी करताना पहिली गोष्ट लिहावी ती पट्टीच्या नशिबाची: ती उन्हात राहणार की सावलीत, तेलात की पाण्यात, किती तापमानात. ऊन, पाऊस आणि हवेतील ओझोन यांना ईपीडीएम उत्तम तोंड देते, पण तेलात ते फुगते. नायट्राइल तेलाला टिकते, पण उन्हात भेगाळते. निओप्रीन दोन्हींत मध्यम. भट्टीच्या दारासारख्या उष्णतेला सिलिकॉन. एकच रबर सर्वगुणसंपन्न नसते.

दुसरी गोष्ट कठीणपणा. तो 'शोअर ए' मापात, पाच अंश कमी-अधिक अशी सूट देऊन लिहावा. रबर फार कठीण असेल तर दार लागत नाही, फार मऊ असेल तर पट्टी खाचेत टिकत नाही.

तिसरी गोष्ट आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित: दाबून सोडल्यावर रबर किती परत येते. गादीतला कापूस बसतो, तसे रबरही बसते. प्रयोगशाळेत नमुना एक चतुर्थांश दाबून, साधारणतः ७० अंश उष्णतेत २२ तास ठेवतात. समजा, १० मिलिमीटरचा नमुना साडेसातवर दाबला आणि सोडल्यावर तो साडेनऊपर्यंतच आला. म्हणजे अडीचपैकी अर्धा मिलिमीटर कायमचा गेला, २० टक्के. हा आकडा जितका लहान, तितकी पट्टी खरी. माझ्या स्नेह्याच्या पट्टीत आकार होता, हे बळ नव्हते. अशा तपासणीसाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रबर संशोधन संस्था आहे. तिचा उपयोग करून घ्यावा.

चौथी गोष्ट व्यवहाराची. तुकडा देऊ नये, मापांसह आडव्या छेदाचे ड्रॉइंग द्यावे. जुना तुकडा वापरून दबलेला असतो, त्याची नक्कल म्हणजे झिजलेल्या नाण्याचा ठसा. डाय साच्याच्या मानाने स्वस्त असते, पण तिचे पैसे आपण दिले असतील तर ती कोणाची, हे बिलावर लिहून घ्यावे. यंत्र जुळवताना सुरुवातीचे कित्येक मीटर वाया जातात, म्हणून थोड्या मालाला भाव चढतो. पुरवठादार लुबाडतो असे लगेच समजू नये. आधी नमुना मागवावा, दारावर बसवून पाहावा, त्यावर सही करून एक तुकडा आपल्याकडे व एक त्याच्याकडे ठेवावा, मगच पूर्ण माल उचलावा.

आता येथे बसलेल्या कामगार बंधूंसाठी दोन शब्द. पट्टी बसवताना ताणू नका. ताणलेले रबर आज पुरते, उद्या आखडते आणि कोपऱ्यात फट पडते. तुकडा किंचित लांब कापा, दोन्ही टोके आधी बसवा, मग मध्यभाग दाबत जा. जोड कोपऱ्यात नको, सरळ बाजूवर, शक्यतो वरच्या अंगाला घ्या. टोक काटकोनात कापा, शंखजिऱ्याची भुकटी पुसा, मगच चिकटवा. गुंडाळी उन्हात, खिळ्यावर टांगून किंवा चालू मोटारीजवळ ठेवू नका. मोटारीच्या ठिणग्यांतून ओझोन निर्माण होतो आणि तो रबर खातो.

हे सारे क्षुल्लक वाटते? २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले, सात अंतराळवीर गेले. कारण होते अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे. सुमारे सात मिलिमीटर जाडीचे ते कडे त्या सकाळच्या थंडीत आपला लवचिकपणा गमावून बसले. रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने चौकशीच्या वेळी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडल्यावर तो चटकन परत येत नाही, हे सर्वांदेखत दाखवले. थंडीचा धोका काही अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बोलून दाखवला होता. तो ऐकला गेला नाही. म्हणजे तेथेही रबराइतकीच चूक माणसांमधल्या संवादाची होती.

हे सोलापूर वालचंद हिराचंदांचे गाव. जहाज, विमान आणि मोटार या देशात बनावी, असे स्वप्न येथल्या माणसाने पाहिले. तेवढी मोठी स्वप्ने प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत. पण आपल्या दारातून बाहेर पडणारी पेटी पहिल्या पावसात भिजणार नाही, एवढे वचन प्रत्येकाला पाळता येते.

माझ्या स्नेह्याने त्यानंतर ड्रॉइंग करून घेतले, ईपीडीएम लिहिले, नमुना दाबून तपासला आणि परत आलेल्या प्रत्येक पेटीची पट्टी स्वखर्चाने बदलून दिली. तो ग्राहक आजही त्याच्याकडेच येतो. त्याच्या कार्यालयात आता भिंतीवर ती जुनी, चपटी पट्टी लावलेली आहे. नव्या मुलाला कामावर घेतले की आधी तो तिच्यावर बोट ठेवायला सांगतो.

आपणही आपापली एखादी चपटी पट्टी अशी डोळ्यांसमोर ठेवावी, एवढेच सांगतो आणि थांबतो.