पृष्ठभागाची साक्ष

तंजावर प्रांताशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. भोसले घराण्याने तेथे सुमारे पावणेदोनशे वर्षे राज्य केले. त्या प्रांतात, कुंभकोणमजवळ, तिरुवलंचुळी नावाचे गाव आहे. तेथील कपर्दीश्वराच्या देवालयात श्वेत विनायकाची शुभ्र मूर्ती आहे. ती समुद्राच्या फेसापासून घडली अशी कथा सांगतात. म्हणून तिच्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही, केवळ भीमसेनी कापराचे चूर्ण वाहतात. कथा बाजूला ठेवली तरी या आचारात व्यवहारज्ञान आहेच. वस्तूचे रूप तिच्या पृष्ठभागावर असते. तो झिजला की रूप परत येत नाही.

जवळच स्वामिमलै येथे स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओततात. आधी मेण व राळ यांची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाची बारीक माती लिंपायची, मग जाड मातीचे थर द्यायचे. साचा तापवला की मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत रस ओततात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ ग्रंथात हीच रीत वर्णिली आहे. यात मर्माची गोष्ट अशी की, मेणावरचा ओरखडा बारीक माती जसाच्या तसा उचलते आणि धातूही तो इमानाने स्वीकारतो.

आज मेणाचा वा प्लॅस्टिकचा नमुना यंत्राने छापता येतो. सोनारकामात तर अशा छापील मेणावरून दागिने ओतले जातात. हे यंत्र वस्तू थरावर थर रचून उभी करते. प्लॅस्टिकची तार वितळवून छापणाऱ्या यंत्रात एक थर बहुधा 0.1 ते 0.3 मिलिमीटर जाडीचा असतो. उभ्या भिंतीवर हे थर बारीक रेघांसारखे दिसतात. पण मंद उतारावर त्यांच्या पायऱ्या होतात. थर 0.2 मिलिमीटरचा आणि उतार 10 अंशांचा असेल, तर प्रत्येक पायरी सुमारे 1.1 मिलिमीटर रुंद पडते. उताणी छापलेली मूर्ती घ्या. कपाळ आणि गाल, जेथे भक्ताची दृष्टी प्रथम ठरते, तेथेच या पायऱ्या अधिक उठून दिसतात.

त्यांची परीक्षा करण्यास आता डिजिटल सूक्ष्मदर्शक सहज मिळतो. भिंग आणि कॅमेरा एकत्र असल्यामुळे चित्र थेट पडद्यावर येते. परंतु येथे दोन फसगती संभवतात. पहिली आकड्याची. पडदा मोठा केला की चित्रही मोठे होते. म्हणून ‘इतकी पट’ या शब्दावर न विसंबता, त्याच अंतरावर बारीक खुणांची मोजपट्टी ठेवून माप ठरवावे. दुसरी प्रकाशाची. भिंगाभोवतीचे दिवे समोरून उजेड टाकतात, सावल्या पुसून जातात आणि खडबडीत अंगही गुळगुळीत भासते. ते दिवे मंद करून एका बाजूने तिरपा उजेड टाकावा. आपला गवंडी गिलावा तपासताना भिंतीलगत दिवा धरतो, त्यातले शास्त्र हेच! तत्पूर्वी वस्तू मऊ कुंचल्याने झाडून घ्यावी, नाहीतर सुताचा तंतूही भेगेसारखा दिसतो.

दोष दिसला म्हणजे निर्णय झाला असे मात्र नव्हे. खोक्याच्या झाकणावर रेघा राहिल्या तर काही बिघडत नाही. पण ताण सोसणाऱ्या खुंटीवर तीच खाच धोक्याची. ताण थरांच्या आडवा आला तर वस्तू तेथेच दुभंगू लागते. शिवाय सूक्ष्मदर्शक केवळ कातडी पाहतो. दोन थर आतून नीट सांधले आहेत की नाहीत, हे वरून पुरते कळत नाही; त्यासाठी एखादा नमुना ओढून मोडून पाहावा लागतो.

म्हणून स्थपतीची शिस्त ध्यानी धरावी. मेणातील चूक त्याच्या बोटाने, तापल्या हत्याराने, क्षणात मिटते. धातूत उतरलेली तीच चूक छिन्नी आणि कानस यांना दिवसच्या दिवस राबवते. यंत्र कोणतेही असो, परीक्षा मेणातच करावी. भिंग आपल्याला खाच दाखवील. ती खाच कोणाला, कोठे आणि किती बाधेल, हे मात्र ती वस्तू कशासाठी घडली ते जाणणाऱ्या माणसानेच ठरवायचे आहे.