औषधाची बाटली आणि पावती
(रोहे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावात खून झाला म्हणजे सारा गाव धावतो. परंतु भेसळीच्या मालावर शुद्धतेची चिठ्ठी लावून जो गुन्हा केला जातो, त्याची आरोळी कोणाच्याही कानी पडत नाही.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन पाजलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. हे कारखान्यात वापरावयाचे द्रव्य चवीस गोड असते, पण मूत्रपिंड निकामी करते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, ती मुख्यतः कागदांची. माल कोणाकडून आला, कोणी तपासला, कोणाच्या सहीने स्वीकारला? ठपका केवळ पुरवठादारावर आला नाही. रुग्णालयाचे अधिकारी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रीही त्यातून सुटले नाहीत. अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. मात्र आयोगाचा ठपका म्हणजे शिक्षा नव्हे. आयोगापुढील जबानी साक्षीदाराविरुद्ध फौजदारी खटल्यात सहसा वापरता येत नाही. तेथे पुरावा नव्याने उभा करावा लागतो. आणि २०२५ साली त्याच विषाने मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडील वीसहून अधिक बालके खोकल्याच्या औषधातून गेली. त्यांतील कित्येकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडला.

मग आपल्या हाती काय आहे? १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार कोणासही फी भरून, विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते. निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो: एक दुकानदारास, एक विश्लेषकास, एक न्यायालयासाठी, एक दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतला त्याच्यासाठी. यांपैकी एका पायरीवर चूक झाली की आरोपीचे वकील तेथेच बोट ठेवतात. मीही त्यांच्या जागी तेच केले असते! कलम ३२ प्रमाणे बाधित व्यक्ती स्वतः खटला दाखल करू शकते. भेसळीच्या औषधाने मृत्यू ओढवल्यास २००८ च्या दुरुस्तीनुसार किमान दहा वर्षे, कमाल जन्मठेप आहे.

रोह्याच्या कोर्टात एक माउली माझ्याकडे आली होती. औषधाने मुलाचा त्रास वाढला, असे तिचे म्हणणे. मी विचारले, "मावशी, पावती कुठे आहे?" पावती घेतलीच नव्हती. "आणि बाटली?" "वकीलसाहेब, ती धुऊन तेलाला घेतली." दुकानदाराने तर विक्रीच नाकारली. औषध खरोखर सदोष होते की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. ते सांगणारी वस्तूच उरली नव्हती.

म्हणून पावती मागा, तीवर बॅच क्रमांक असल्याची खात्री करा. संशय आला तर उरलेले औषध मूळ बाटलीतच, झाकण लावून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचे जिल्हा कार्यालय आपल्या पेणलाच आहे. अर्ज लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांनी आज सभा संपल्यावर थांबावे. मी येथेच बसून लिहून देतो.