सही केली, मग मागे घेतली

आज जोनाथन जॅस्पर राईट. १८६६ मध्ये अमेरिकेत नागरी हक्क कायदा आला, आणि त्याच वर्षी हा कृष्णवर्णीय तरुण पेनसिल्व्हेनियात वकील झाला. मग साउथ कॅरोलिना. १८६८ ला तिथल्या राज्य सिनेटवर, १८७० ला थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात! देशात असा पहिलाच.

१८७६ च्या निवडणुकीनंतर मात्र राज्याला गव्हर्नर दोन, दोघंही म्हणतात मीच खरा. राईट यांनी हॅम्प्टनच्या बाजूच्या आदेशावर सही केली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. दबाव किती असेल, विचार करा. मला तरी त्यांची सगळी कारकीर्द या एका सहीत दिसते.

हॅम्प्टन सत्तेवर आला. महाभियोगाची टांगती तलवार, १८७७ ला राजीनामा. १८८५ ला राईट क्षयाने गेले. त्या कोर्टात पुढचा कृष्णवर्णीय न्यायाधीश आला तो १९८५ मध्ये.